लेगगार्डावरचा मान

आमच्या घरात सायकलसुद्धा नव्हती, तेव्हापासून सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमचं गाव टाकव्याच्या पुढं, आंदर मावळात. वडील लोणावळ्याला एका बंगल्यावर माळीकाम करायचे. कान्हे फाट्यापर्यंत चालत आणि तिथून मिळेल त्या वाहनानं. रोजचं येणं-जाणं परवडायचं नाही, म्हणून आठवड्यातून एकदाच घरी यायचे. आई दुसऱ्यांच्या शेतात भातलावणीला जायची. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या व्हायच्या, त्यावर हळद आणि तेल लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात. मी दहावी पास झाले तेव्हा पेढ्यांऐवजी गूळ वाटला, आणि तोसुद्धा आईनं खडे लहान करून वाटला.

त्या बंगल्याच्या शेडमध्ये एक जुनी मोटारसायकल गंजत पडली होती. बंगला विकताना मालक वडिलांना म्हणाले, हे धूड तेवढं घेऊन जा. वडिलांनी ते काचेचं सामान आणावं इतक्या काळजीनं टेम्पोतून आणलं. कामशेतच्या एका मेस्त्रीनं दीड वर्ष तिच्यावर हात चालवला आणि एके दिवशी तिनं निळा धूर सोडला. त्याच गाडीवरून वडिलांनी मला रोज कान्हे स्टेशनला सोडलं, तिथून मी तळेगावला कॉलेजात गेले. बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. आमच्या घराण्यात पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

वडिलांनाही आहे, पण ते तो चिडवण्यातून दाखवतात. घरात फ्यूज उडाला की, "बोलवा शिकल्याल्या मान्साला." म्हैस दूध देईना की, "बघ गं, पुस्तकात काय दिलंय का."

लोणावळ्यात दर वर्षी जुन्या मोटारसायकलींची रॅली भरते. आमच्या धुडाचं तिथं भलतंच कौतुक झालं. कातडी जाकिटं घातलेले मुंबई-पुण्याचे लोक तिच्यासोबत फोटो काढत होते. वडील शेजारी पांढऱ्या टोपीवर हेल्मेट चढवून उभे. मी म्हटलं, "आण्णा, आधी टोपी काढा, मग हेल्मेट घाला."

"डोकं उगडं पडतंय," ते म्हणाले.

संयोजकांनी सगळ्यांना शाल आणि नारळ दिला. वडिलांनी शाल स्वतःच्या खांद्यावर घेतली नाही. "मान गाडीचा हाय," म्हणाले आणि इंजिनाच्या पुढं जो लोखंडी लेगगार्ड असतो, त्याच्यावर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली. वर गोंड्यांना गाठ मारली. गाडी नवरदेवासारखी दिसायला लागली.

रॅली संपली आणि परतीचा प्रवास सुरू झाला. हायवेनं तासाभरात घर आलं असतं. पण वडील हायवे घेत नाहीत. "तितं आपल्याला वळखतंय कोन?" असं त्यांचं म्हणणं. आम्ही मळवलीकडून आतल्या रस्त्यानं निघालो. आतल्या रस्त्याचा कायदा असा, की नातेवाइकाच्या दारावरून न थांबता जायचं नाही. गेलात तर पुढच्या लग्नात ऐकून घ्यावं लागतं. आणि गाडी मान घेऊन आलीय म्हटल्यावर तिला टॉवेल-टोपी करणं आलंच. मळवलीजवळ आत्या राहते, तिनं टॉवेल बांधला. कामशेतला मामांनी बांधला. टोप्या वडिलांच्या खिशात, टॉवेल लेगगार्डावर, शालीच्या वर.

कामशेतच्या पुढं गाडी तापून बंद पडली. किक मारून मारून वडिलांचा पाय थकला. शेवटी वीटभट्टीचा रिकामा टेम्पो मिळाला आणि आमची वरात गावात शिरली. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "कारं, रॅलीला गाडीवर बसून जातूस आन् येताना गाडी टेंपोत बसून येती व्हय?"

वडील हसले. घरी आल्यावर मात्र पाणीसुद्धा न पिता बराच वेळ गाडी पुसत बसले. पार वाट लागली होती त्यांच्या मनाची.

दुसऱ्या वर्षी तेच. यावेळी माझ्या हातात पदवी होती, त्यामुळं मी गप्प बसले नाही. कामशेतपुढच्या चढावर उभं राहून मी त्यांना पेट्रोलमध्ये ऑइल किती असावं, स्पार्क प्लगवर काजळी का धरते, याच्यावर निम्म्या इंग्रजीत व्याख्यान दिलं. प्लग काढला, साफ केला, बसवला. वडिलांनी शांतपणे सगळं ऐकलं. किक मारली. गाडी ढिम्म.

"लय भारी बोललीस," ते म्हणाले. "पर गाडी मराठीत शिकल्याली दिसती."

टेम्पोची वाट बघताना मी म्हटलं, "आण्णा, पुढच्या वर्षी येताना मी चालवते. लायसन आहे माझ्याकडं." ते म्हणाले, "गाडीला काय हुतंय ते आदी सांग. सांगितलंस की हँडल तुजं. न्हाईतर मागं बसायचं, शिकल्यालं मानूस म्हनून." मी मान्य केलं. त्या वर्षात मी मेस्त्रीकडं चार वेळा गेले. गाडी एरवी कधी तापायची नाही. कान्ह्याला जाऊन यायची, तळेगावला जाऊन यायची. फक्त रॅलीहून येतानाच तिला काय व्हायचं कोण जाणे. मेस्त्री म्हणाला, "दिष्ट लागत आसंल." आईनं दोन लिंबं जास्त बांधली.

तिसऱ्या वर्षी रॅली झाली, शाल मिळाली, लेगगार्डावर चढली. आत्याच्या दारात थांबलो. गाडीचं तापलेलं इंजिन तडतडत होतं. आत्यानं कुंकू लावलं आणि नवा टॉवेल घेऊन लेगगार्डापुढं उकिडवी बसली. मी कपबशी घेऊन उभी.

"घट बांद," वडील म्हणाले.

"घटच बांदतेय की," आत्या म्हणाली. "मागच्या टायमाला फडफडत हुता. आता वारा शिरायला जागाच न्हाई ठेवत."

मी चहा खाली ठेवला. या गाडीच्या इंजिनात पाणी नसतं. त्याला बाहेरून पापुद्र्यांसारख्या पट्ट्या असतात आणि समोरून येणारा वारा त्यांच्यातून गेला की इंजिन थंड होतं. परीक्षेत मी हे आकृतीसकट लिहिलं होतं. आणि गेली दोन वर्षं आम्ही त्याच पट्ट्यांपुढं शाल, त्यावर टॉवेल, त्यावर टॉवेल असं पांघरूण घालून तिला चढावर चढवत होतो. दरवर्षी मागं बसून तो टॉवेल मी स्वतः बघितला होता. दोनदा तर गाठ मीच मारली होती.

मी सांगितलं. आत्याचा हात थांबला. वडिलांनी वाकून शालीमागचं इंजिन बघितलं.

"म्हंजी आमी मान दिऊन मारतूय व्हय तिला?" आत्या म्हणाली.

"टॉवेल काढायचे," मी म्हटलं.

"त्ये न्हाई जमायचं," वडील म्हणाले. "बांदल्याला मान सोडत न्हाईत. आन् भयनीच्या दारात तर न्हाईच न्हाई."

आत्याच्या तोंडाकडं बघितलं तर तीही त्यांच्याच बाजूची. मी थोडा विचार केला. "मान गाडीचा आहे ना? मग गाडीवर बसलेल्या माणसानं धरला तर चालेल की. मागं बसणाऱ्यानं."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं, मग हँडलकडं. त्यांनी चावी लगेच दिली नाही. आधी स्वतःच्या हातानं शाल सोडली, घडी घातली, अंगावर घेतली. त्यावर आत्याचा टॉवेल. मग खिशातून चावी काढून माझ्या हातात ठेवली. "चौथ्या गेरला गडबड करू नगंस," एवढंच म्हणाले.

कामशेतला मामांनी टॉवेल आणला, तो वडिलांच्या गळ्यात. मग कामशेतपुढचा चढ आला. गाडी खाकरली नाही. चढ संपल्यावर मागून आवाज आला, "आरशात बगत जा. नुसती म्होरं बगून चालवतीस, पेपर लिवल्यावानी."

कान्ह्याला मावशीनं टॉवेल आणला, तोही वडिलांच्या गळ्यात. टाकव्याच्या पुढं उन्हं उतरत होती. पारावर तेच आबा बसले होते. टेम्पो नाही बघून ते उठून उभे राहिले. वडिलांच्या अंगावर एक शाल, तीन टॉवेल, डोक्यावर टोपी आणि टोपीवर हेल्मेट. "काय रं," आबांनी विचारलं, "तुजंच लगीन लागलं का काय?"

"न्हाई," वडील म्हणाले. "पोरीनं घरी आनलं."

मी गाडी आमच्या दारात उभी केली. लोणावळ्यापासून घरापर्यंत ती स्वतःच्या चाकांवर आली, एकदाही ढकलावी लागली नाही, आणि आत्याच्या दारापासून पुढं ती मी चालवली.