दोन बाटल्या आणि तातेरावांचं नाक

वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या लिलावाचं बीट सुरू व्हायच्या आधी लोक तातेरावांकडे बघत. ते ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, तळातलं एखादं हळकुंड वर काढायचे, कटकन मोडायचे, मोडलेली बाजू नाकाला लावायचे आणि दातानं बारीकसा तुकडा तोडायचे. बस्स. माल काळ्या जमिनीतला की माळावरचा, शिजवताना कच्चा राहिला की जास्त उकळला, घरात किती महिने पडून होता, सगळं त्या एका चावण्यात कळायचं. ज्यांच्यासाठी ते हे काम करत, ते वासिफशेठ वयानं वीस वर्षांनी लहान, पण मोठे खरेदीदार. तातेरावांनी मान हलवल्याशिवाय ते बोली लावत नसत.

त्या नाकाला कोरोनानं दगा दिला. ताप चार दिवसांत उतरला, पण एका सकाळी आशाबाई शेजारी गेल्या असताना गॅसवरचं वरण करपून कोळसा झालं, घरभर करपट वास सुटला, आणि तातेराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच पेपर वाचत बसले होते.

“अवो, वास न्हाई आला तुमाला?” आशाबाईंनी आत येत विचारलं.

“कशाचा?” तातेराव म्हणाले. नाकाला वास येणंच बंद झालं होतं.

पुढे दोन महिने त्यांनी ही गोष्ट मोंढ्यात कुणाला कळू दिली नाही. रंग डोळ्यांना दिसत होता, मोडण्याचा आवाज कानांना ऐकू येत होता, तेवढ्यावर भागवलं. पण एकदा रॉकेलचा डबा सांडलेल्या खोलीतला माल त्यांनी बिनदिक्कत पास केला. वासिफशेठनं एक हळकुंड हातात घेतलं, हुंगलं, आणि तातेरावांना बाजूला नेलं.

“मामा, तकलीफ काय ते सांगा.”

तातेरावांनी सांगून टाकलं. वासिफशेठनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “येईल परत. तोवर तुमी बघा, वास मी घेतो. कुणाला सांगायची गरज न्हाई.”

नाक परत आलं, पण थेंबाथेंबानं. आधी वर्षभर कांद्याला जळक्या टायरचा वास यायचा. मग तो गेला. मग लवंग ओळखू आली, मग हिंग. पण भरवसा काही परत आला नाही. हळकुंड हुंगून झालं की ते अजूनही वासिफशेठकडे बघायचे, आणि वासिफशेठ हुंगून मान डोलवायचे.

यंदा संक्रांतीला लेक घरी आली. सृष्टी परभणीला शिकून नाशिककडच्या एका वाईनच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला लागली होती. बॅगेतून तिनं तीळगूळ काढला, आईसाठी शाल काढली, आणि मग वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या.

आशाबाईंनी आधी खिडकी लावली, मग दार. “सृष्टे, हे काहून आणलं गं घरात?”

“आई, अभ्यासाला आणलंय. परीक्षा आहे माझी.”

परीक्षा अशी होती, की समोर ग्लास ठेवणार आणि चव घेऊन सांगायचं, कोणती वाईन कशी बनलीय. दोन्ही लाल, दोन्ही एकाच मळ्यातल्या द्राक्षांच्या. एक स्टीलच्या टाकीतून काही महिन्यांत बाटलीत भरलेली, दुसरी लाकडी पिंपात वर्षभर मुरलेली. सृष्टी मागच्या खेपेला यातच नापास झाली होती.

“पुस्तकातलं सगळं पाठ आहे बाबा. पण ग्लास तोंडाला लावला की डोक्यात गोंधळ होतो. तुमी एकदा बघता का?”

तातेरावांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण लेक नापास झाली हे ऐकून ते पाटावर सरसावून बसले. आशाबाई तोंड फिरवून शेंगा फोडायला लागल्या.

चहाचे दोन काचेचे ग्लास आले. तातेरावांनी पहिल्यातला घोट घेतला, दुसऱ्यातला घेतला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“दोन्ही आंबटच. काही फरक न्हाई.” मग खाली बघत म्हणाले, “माझं नाक गेलंय लेकरा. मला काहून विचारून राहिलीस?”

“हळद तुमी अशी घाईनं बघता का?” सृष्टीनं विचारलं.

ते ऐकून तातेरावांनी उठून चूळ भरली. परत बसले, ग्लासावर तळहात ठेवला, थोडा हलवला, हात बाजूला करून नाक आत घातलं. डोळे मिटले. असे बराच वेळ बसले. मग चमचाभर घोट जिभेवर घेऊन गालात फिरवला.

“ही जांभळाची,” ते हळूच म्हणाले. “आमच्या मामाच्या विहिरीवर जांभूळ होतं. खाली सडा पडायचा, त्यातली ताजी, चोखली की जीभ जांभळी करणारी. ही अंगानं हलकी. तोंडात आली, हसली, गेली.”

दुसरा ग्लास. या वेळी ते जास्तच थांबले.

“ह्याच्यात फळ हाये, पण मागं जाऊन बसलंय. पुढं लाकूड आलंय. सागाच्या जुन्या पेटीत लवंगा ठेवल्यात जशा. अन् गिळल्यावर हिरडा. हिरडा चघळल्यावर कसं तोंड आवळतं, तसं. ही पिंपातली.”

सृष्टीनं टाळी वाजवली. तरी त्यांना पटेना. पाठ फिरवून त्यांनी तिला ग्लास बदलायला लावले, एकदा, दोनदा, पाच वेळा. पाचही वेळा बरोबर. शेवटच्या खेपेला त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि उपरण्यानं डोळे पुसले. “लई तिखट वास हाये,” म्हणाले. वास काही तिखट नव्हता.

मग शिकवणी उलटी सुरू झाली. “तू वास घेतीस अन् लगेच नाव शोधतीस,” ते लेकीला म्हणाले. “नाव मागून येतं. आधी जागा आठव. हा वास पहिल्यांदा कुठं आला होता, तिथं जाऊन उभी राहा.”

सृष्टीनं डोळे मिटले, घोट घेतला आणि हसली. “आत्याच्या घरचं कपाट!”

“व्हय! तेच पिंप.”

एवढं कौतुक ऐकून आशाबाईंच्या हातातल्या शेंगा थांबल्या. “आणा इकडं,” म्हणाल्या. दोन्ही ग्लासांतला एकेक थेंब त्यांनी जिभेवर टेकवला. “जांभळाची बरी. दुसरी म्हंजे पोट बिघडल्यावर घ्यायचा काढा. वर्षभर सांभाळून हे करतेत?”

“अगं, मुरलेल्या मालाची गंमतच और असती!”

“मग तुमीच मुरा,” आशाबाई म्हणाल्या. जेवणं झाली तरी दोघांचा वाद मिटला नव्हता, आणि सृष्टी वहीत दोघांचंही उतरवून घेत होती.

फेब्रुवारीत नवी हळद आली. पहिल्याच बिटाला तातेरावांनी हळकुंड मोडलं, हुंगलं, चावलं आणि थेट मान हलवली. वासिफशेठचा हात सवयीनं ढिगाकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला आणि बोली लावली. दुपारी चहा पिताना तातेरावांनी त्यांना दोन ग्लासांची सगळी हकिगत सांगितली. शेठ पोट धरून हसले. “मामा, आमाला ती चालत न्हाई, पण तुमचं नाक दुरुस्त केलं म्हणून दुरूनच सलाम.”

मार्चमध्ये सृष्टी पास झाली. लेक काय करते असं कुणी विचारलं, तर तोवर तातेराव “नाशिकला, फळांच्या कंपनीत” असं म्हणून विषय बदलायचे. त्या दिवशी हमालांना पेढे वाटताना एकानं विचारलं, तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, “वाईनची चव बघती. पारखी हाये ती.”