काडेपेटीतली साक्षीदार

लातूरच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर निलंग्याकडचा एक म्हशीवाला म्हातारा होता. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. गोचीड चावून त्याला ताप आला होता आणि ती गोचीड तो काडेपेटीत घालून सोबत घेऊन आला होता. डॉक्टर आले की पेटी किंचित उघडून दाखवायचा. "साक्षीदार हाय, साहेब." नर्स रक्त काढायला आली तेव्हा म्हणाला, "माझं रगत हिच्यात हाय की. हिचंच काढा."

मलाही आठ दिवस ताप होता, पण कशाचा ते कुणालाच कळेना. मी कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचो. गोचिडीला पाय किती, हे पोरांकडून घोकून घ्यायचो. पोरं इतकी वाढली होती की क्लासनं मागचा गोठा भाड्यानं घेऊन त्यात बाकं टाकली होती.

हे सांगताच म्हातारा सलाईनची नळी सांभाळत माझ्या खाटेवर आला.

"मास्तर, सदरा काढा."

त्यानं कानामागं बघितलं, काखेत बोटं फिरवली. मी अंग चोरलं की पाठीवर थाप मारून "हो, हो" म्हणायचा. कमरेवर गोचीड चावल्याची एक काळी खपली सापडली. त्यानं डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी ती बघून औषध बदललं आणि तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरला.

घरी निघताना त्यानं काडेपेटी खिशात ठेवली. मी हात जोडले, तर तो मलाच समजावत म्हणाला,

"तुम्ही म्हैस असता ना मास्तर, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."