चौथा उद्गार आणि एक निनावी पत्र

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या चर्चच्या मंडळीत ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. चौथा उद्गार, देवाने टाकून दिल्याचा, कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. दरवर्षी मी एकच सांगत आलो: शिक्षा आपली होती, ती दुसऱ्याने भोगली, आपण सुटलो.

यंदा उपवासकाळातल्या बायबल अभ्यासात यावरून वाद झाला. आमचे नवे पाळक, म्हणजे पाद्री, तरुण आहेत. रक्त घेतल्याशिवाय क्षमा न करणारा देवबाप त्यांना पटत नाही. ख्रिस्ताने प्रीती मरणापर्यंत निभावली, तारण त्यातच आहे, असे त्यांचे म्हणणे. मी वचने काढून उत्तरे देत होतो. मागच्या बाकावर धाकट्या भावाची बायको बसली होती. ती कधी बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "दादा, एकाने भोगलं म्हणजे दुसऱ्याने जन्मभर गप्प बसायचं का?"

बाकीच्यांना तो शास्त्राचा प्रश्न वाटला.

तरुणपणी मी तेव्हाच्या पाळकांविरुद्ध वरिष्ठांना निनावी पत्र लिहिले होते. आरोप ऐकीव होते, खोटे निघाले. तोवर पाळकांची दूर पेठ तालुक्यात बदली झालेली होती. संशय आमच्या घरावर आला. मला मंडळीच्याच शाळेत मास्तरकी मिळायची होती. भावाने पंचांपुढे उभे राहून सांगितले की पत्र त्यानेच लिहिले. त्याला वर्षभर प्रभुभोजन, म्हणजे वेदीपाशी मिळणारी भाकर नि द्राक्षारस, बंद झाले. सगळे उठून वेदीपाशी जात, तो बाकावर एकटा राही. मी त्याच्या गुडघ्यांना ओलांडून पुढे जात असे. वर्ष संपल्यावर तो देवळात यायचाच थांबला.

अभ्यासानंतर मी इंदिरानगरला त्याच्या घरी गेलो. तो मेथी निवडत होता. शुक्रवारी सगळे सांगून टाकतो, म्हटले. ऐकायला आता राहिलंय कोण, असे तो म्हणाला आणि निवडत राहिला. मग म्हणाला, "माझ्यासाठी नको सांगू, दादा. हिच्यासाठी सांग. ती अजून पत्रवाल्याची बायकोच आहे तिथे."

शुक्रवारी मी उभा राहिलो. लिहून आणलेले प्रवचन खिशातच राहिले. पत्र मी लिहिले, भावाने नाही, एवढेच सांगितले आणि खाली बसलो. मग पाचव्या उद्गारावर बोलणारे उठले.

हलके वाटेल असे वाटले होते. तसे काही झाले नाही. मागे वळून पाहिले तर भावजय सरळ बसून ऐकत होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.