आठ नंबरचे मोजे

मावशींनी एकतीस वर्षं फुटबॉल संघाचे कपडे धुतले, पण एकही सामना धड पाहिला नाही. धुलाईची खोली पूर्वेकडच्या स्टँडच्या बरोबर खाली होती. दोन मोठी मशिनं, सिमेंटचा लांब हौद, वाळवणाच्या खोलीचं जड दार, आणि खिडकीच्या नावानं भोपळा. सामना कसा चाललाय ते छत सांगायचं. सगळे एकदम उठून नाचले की आपला गोल. एका लयीत पाय आपटायला लागले, की कुणाची तरी कंबख्ती भरली.

त्या पायांत त्यांच्या नवऱ्याचेही दोन पाय असत. ते बसडेपोत फिटर होते आणि स्टँडातही त्यांना सगळे फिटरच म्हणत. आवाज असा, की डेपोत कुणाला हाक मारायला त्यांना भोंगा लागायचा नाही. "मी वर ओरडतो, ही खाली धुते," ते पाहुण्यांना सांगायचे, "संघ आमच्या दोघांच्या जिवावर उभा आहे. बाकी अकरा जण नुसते पळतात."

संघात तेव्हा आठ नंबरचा एक पोरगा आला. मधल्या फळीत खेळायचा. बावीस वर्षांचा, कमी बोलणारा, मान जरा खाली घालून चालणारा. पहिल्या वर्षी तो सगळ्यांना आवडला. दुसऱ्या वर्षी मात्र प्रेक्षकांत उभी फूट पडली. तो धावेनासा झाला. चेंडू आला की मागे द्यायचा, नाहीतर आडवा. पुढे म्हणून जायचा नाही. काही म्हणायचे, संघाचं डोकं तेच आहे. पण जास्त लोक म्हणायचे, हा फुकट खातो. फिटर जास्तीच्या बाजूला होते. एका रविवारी, संघ दोन गोलांनी मागे असताना, ते उभं राहून ओरडले, "गोगलगाय, पोटात पाय!"

स्टँड आधी हसला, मग तेच ओरडायला लागला. पुढच्या सामन्यात पश्चिमेकडच्या स्टँडनंही ते उचललं. महिन्याभरात गावातली शाळकरी मुलंसुद्धा हळू चालणाऱ्याला तेच म्हणायला लागली. फिटरना कोण अभिमान! लोक रस्त्यात थांबवून पाठ थोपटायचे.

खाली मावशी मोजे उलटे करत होत्या. प्रत्येक मोज्यावर आत नंबर शिवलेला असायचा. आठ नंबरचा डावा मोजा उलटताना त्यांच्या हाताला काहीतरी कडक लागलं. घोट्याच्या जागी रक्त वाळून खापरीसारखं झालं होतं. पुढच्या सामन्यानंतर तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. रक्ताला गरम पाणी दाखवलं की डाग कापडात बसतो, म्हणून त्या ते मोजे वेगळे काढून हौदात गार पाण्यात मीठ घालून भिजवायच्या. एकदा पोरगा स्वतःच टॉवेल द्यायला आला. मावशी पाण्यात हात घालून बसलेल्या. पाणी लाल झालेलं.

"अरे, हे काय आहे?"

त्यानं दार लावलं. घोट्यातल्या हाडाची कपची उडाली होती. डॉक्टर सामन्याआधी दोन सुया टोचायचा, जागा बधिर करून टाकायचा. एक घोट्याच्या आतून, एक बाहेरून; टोचलेली जागा खेळताना फुटून वाहायची. मध्यंतरात आणखी एक. पाय जमिनीवर आहे की नाही तेच कळत नाही, तो म्हणाला, म्हणून पुढे झेप घेता येत नाही. मॅनेजरना माहीत आहे. पण बोभाटा झाला तर दुसरा कुठला संघ घेणार नाही आणि हासुद्धा काढून टाकेल.

"मावशी, कुणाला सांगू नका. शपथ आहे."

मावशींनी शपथ घेतली नाही, पण पाळली. मूग गिळून बसल्या. नोकरीचीही भीती होतीच. मॅनेजरनं एकदा दारात उभं राहून म्हटलंच होतं, "मावशी, आपण मळ धुवायचा. वाचायचा नाही."

घरी फक्त एकदा त्यांनी विषय काढला. फिटर जेवताना त्या पोराचा उद्धार करत होते. मावशी म्हणाल्या, "अहो, बरं नसेल त्याला. दुखत असेल काहीतरी."

"दुखत असेल तर घरी बसावं की! तू त्याचे मोजे धू, वकीलपत्र नको घेऊ."

मावशींनी ताटात भात वाढला. विषय तिथेच संपला.

असे तीन हंगाम गेले. छतावर पाय आपटायचे, गोगलगाय-पोटात-पाय, गोगलगाय-पोटात-पाय, आणि मावशींच्या हौदातलं पाणी थरथरायचं. मग एक दिवस आठ नंबरचे मोजे धुवायला आलेच नाहीत. पोरगा गेला होता. कुठल्यातरी लहान संघात वर्षभर खेळला म्हणे, पुढं काही कानावर आलं नाही. संघ पुढच्याच वर्षी खालच्या विभागात घसरला.

याला तेवीस वर्षं झाली. मावशी आणि फिटर दोघेही निवृत्त झाले. डॉक्टर वारला, मॅनेजरही वारला. आणि मग चाहत्यांच्या मंडळात एक तरुण मास्तर आला. शाळेत गणित शिकवणारा. त्यानं त्या तीन हंगामांच्या जुन्या चित्रफिती मिळवल्या, आठ नंबरचा प्रत्येक पास मोजला, आणि मंडळाच्या सभेत पडद्यावर दाखवलं. शंभरातले चौऱ्याण्णव पास बरोबर आपल्याच माणसाकडे गेलेले. तो असताना संघानं सगळ्यात कमी गोल खाल्लेले. दुसऱ्यानं जागा सोडली की हा कूर्मगतीनं का होईना, तिथं आधीच पोचलेला. "तो हळू नव्हता," मास्तर म्हणाला, "आपल्याला घाई होती."

पंधरा दिवसांत वारं फिरलं. फोनवर रोज आठ नंबरची चित्रं यायला लागली. ज्यांनी त्याला शिव्या दिल्या तेच त्याला संघाचा आत्मा म्हणू लागले. सत्कार ठरला. वरातीमागून घोडं निघालं, आणि त्या घोड्यावर सगळ्यात पुढे फिटर. रोज संध्याकाळी त्या चित्रफिती बघत आणि डोळे पुसत. "आंधळे होतो गं आम्ही. एवढा गुणी पोरगा. पण तो पाय का उचलत नव्हता, ते नाही कळत. मास्तरलाही नाही कळत."

मावशी भाजी निवडत होत्या. हात थांबले. इतकी वर्षं दाबलेलं कधी ना कधी वर येतंच. त्यांनी सगळं सांगितलं. सुया, रक्त, मिठाचं पाणी, सगळं.

फिटरनी चालू असलेली चित्रफीत बंद केली. मग इतकंच म्हणाले, "तुला माहीत होतं."

मावशी पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी फिटरनी त्याचा पत्ता काढला. गावाबाहेर ट्रक तोलायचा वजनकाटा होता, तिथं तो पावत्या फाडायचा. दोघं बसनं गेले. काचेची एवढीशी खोली, आत एक खुर्ची, भिंतीला टेकवलेल्या दोन काठ्या. केस पांढरे झालेले, पण मान तशीच, जरा खाली. मावशींना त्यानं लगेच ओळखलं. उठायचा प्रयत्न केला, मावशींनी हातानंच बस म्हटलं. घोटा खिळे ठोकून कायमचा जाम केलेला होता. गुडघ्यानंही मग हात टेकले होते.

फिटरनी माफी मागितली. ती घोषणा आपण काढली, हेही सांगितलं. रडले. मागे ट्रकवाले भोंगे वाजवत होते. तो दोन पावत्या फाडून झाल्यावर म्हणाला, "तुम्ही पूर्वेकडच्या स्टँडात बसायचात का?"

"हो."

"तिकडून फार आवाज यायचा."

फिटरनी पुढे केलेलं सत्काराचं पत्र त्यानं न वाचताच टेबलावर ठेवलं. "येणार नाही. आता बरं म्हणताय ते बरं आहे. पण मला तिथं उभं राहायचं नाही."

फिटर तोंड धुवायला नळाकडे गेले, तेव्हा मावशी काचेजवळ वाकल्या. "तूच म्हणाला होतास रे, सांगू नका म्हणून."

"हो, म्हणालो होतो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पण मावशी, मी तेवीस वर्षांचा होतो. कुणीतरी मोठ्या माणसानं माझं ऐकायला नको होतं."

परतीच्या बसमध्ये मावशी खिडकीबाहेर बघत राहिल्या. फिटरनी विचारलं, काय म्हणाला? त्यांनी सांगितलं नाही.

फिटरच्या पोटात मात्र काही राहिलं नाही. सभेत त्यांनी सुयांची गोष्ट सांगितली, कळवळून सांगितली, आणि ओघात म्हणून गेले, "माझ्या घरात माहीत होतं हो! माझी बायको त्याचं रक्त धूत होती!" कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि सगळीकडे पाठवलं.

सत्काराला तो आला नाही. लोकांनी रिकाम्या खुर्चीला हार घातला. दोन दिवस हळहळ झाली, मग काही जण म्हणू लागले, अजून माज गेला नाही. मग राग काढायला माणूस शोधणं सुरू झालं. डॉक्टर मेलेला, मॅनेजर मेलेला. उरली धुणारी बाई. 'हिला माहीत होतं.' 'नोकरीसाठी पोराचा पाय खाल्ला.' अनोळखी लोकांचे फोन येऊ लागले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं, ज्याचं पोर त्यांनी मांडीवर खेळवलं होतं, सामान देताना वर पाहिलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं शेजारीण म्हणाली. पण मावशींना आपण संन्यासी आहोत असं वाटत नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

फिटर सभेत पुन्हा गेले. हात जोडून म्हणाले, "अहो, तिला का बोलता? मी ओरडलो! घोषणा माझी होती!"

मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, तुम्ही एकटे थोडेच होता? सगळेच ओरडत होते."

सगळे होते, म्हणजे कुणीच नव्हतं. गप्प मात्र एकट्या मावशी होत्या. फिटर घरी आले आणि मास्तरचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं. त्या दिवसापासून फिटरनी सामन्याला जाणं सोडलं. पण घरात दोघांचं बोलणंही कामापुरतं राहिलं. चहा ठेवू का. दूध संपलं. फिटरना मावशींकडे बघवत नव्हतं, आणि मावशींना वाटायचं, ते बघत नाहीत तेच बरं.

एकदा दुपारी आठ नंबरवाल्याचा फोन आला. "मावशी, लोक काय लिहितात ते वाचू नका. माझं मी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्यावर यायला नको होतं."

"तू पण वाचायचास का रे, तेव्हा पेपरात वगैरे?"

"सगळं वाचायचो."

तिकडे ट्रकचा भोंगा वाजला, त्यानं फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात मावशी फिटरना न सांगता एकट्याच बसनं वजनकाट्यावर गेल्या. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. चुकलं माझं, एवढंच. उतरून रस्त्याच्या अलीकडे उभ्या राहिल्या. समोर एक ट्रकवाला पावतीसाठी खिडकीपर्यंत यायला तयार नव्हता, केबिनमधूनच ओरडत होता, लवकर आण रे, किती वेळ. काचेमागं तो उठत होता. एक काठी, मग दुसरी काठी, मग मधेच थांबून परत पहिली.

त्या ट्रकवाल्याला थांब म्हणायलाही मावशींनी रस्ता ओलांडला नाही. परतीची बस आली, त्या चढल्या.