आबांचा गूळ आणि माझं विज्ञान

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गुळव्याचं काम करायचे. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस कढत असताना गूळ नेमका कधी झाला, हे सांगणारा माणूस तो गुळव्या. आबा काठीच्या टोकाला आलेला पाक गार पाण्यात सोडायचे, बोटांनी त्याची गोळी वळायचे, काहिलीच्या काठावर आपटून तिचा आवाज ऐकायचे आणि मग जिभेवर ठेवायचे. "आली," म्हणाले की माणसं काहील उतरवायला धावायची. जरा आधी उतरवली तर गूळ चिकट, जरा उशीर झाला तर करपट. कऱ्हाडच्या खाली कृष्णाकाठच्या पाच-सात गावांत आबांचा शब्द शेवटचा होता. घरात मात्र शेवटचा शब्द माझा. मी एकुलती एक, त्यात हायस्कूलला विज्ञान शिकवणारी. आई म्हणायची, "हिच्या पुढं बोलायचं म्हंजे आधी हात वर कराय लागतोय."

दोन वर्षांमागं पावसाळ्यात आबांना भाकरी गिळताना अडकायला लागली. आमटीत कुस्करून दिली, काही दिवसांनी तीही उतरेना. तपासणीत अन्ननलिकेत गाठ निघाली. पुढच्या स्कॅनसाठी सांगलीला नेलं. तिथं इंजेक्शन देणाऱ्याला मी विचारलं, हे काय टोचताय? तो म्हणाला, "साखरेसारखंच औषध आहे मॅडम. कॅन्सरची गाठ साखर जास्त ओढते, म्हणून ती फोटोत चमकते."

एवढं मला पुरलं. साखर सोडा, कॅन्सर पळवा, असले मजकूर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर यायचेच. एरवी मी ते वाचून हसायची. पण आता स्कॅनच्या फोटोत मी ती चमकणारी गाठ स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणाऱ्यांची मी वर्गात टिंगल करते, आणि त्या दिवशी मीच पिवळीधमक होऊन सांगलीहून परतले.

गाडीतच मी आबांना सांगून टाकलं, "आबा, त्या गाठीचं खाणं म्हणजे साखर. आता गोडाला हात लावायचा नाही."

"गूळ बी?" त्यांनी विचारलं.

"गूळ तर पहिला. जन्मभर चाखत आलाय ना, त्यावरच तर पोसली ती."

हे मी जवळजवळ विनोदानं बोलले. आमच्या घरात एकमेकांना टोचून बोलायची रीतच आहे. आबा खिडकीबाहेर बघत राहिले. प्रवासानं दमलेत असं मला वाटलं.

घरी आल्यावर मी साखरेचा डबा आणि काकवीची बरणी शेजारी देऊन टाकली. आबांनी स्वतः काढलेल्या गुळाची ढेप कोनाड्यात होती, ती फोडून म्हशीच्या पाटीत टाकली. मग भात बंद, केळं बंद, दूध बिनसाखरेचं. राहिलं काय, तर डाळीचं पाणी आणि पाल्याचं सूप. त्या सुपाचा हिरवा रंग बघून मलाच कसंतरी व्हायचं, पण मी चमचा घेऊन समोर बसायची आणि वाटी संपल्याशिवाय उठायची नाही.

केमो सुरू झाली तशी आबांच्या तोंडाची चव गेली. सगळं मातीसारखं लागतंय म्हणायचे. एका शनिवारी सकाळची शाळा करून मी घरी आले, तर आई त्यांना रव्याची खीर भरवत होती. आबा डोळे मिटून एकेक चमचा गिळत होते, न अडकता, न ठसकता. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं खाताना बघत होते. त्याचा आनंद व्हायचा सोडून मी आईच्या हातातली वाटी काढून घेतली.

"तुला मारायचंय का त्यांना?" मी ओरडले.

आईचे डोळे भरले. "गूळ देऊ नगंस, पर गुळाची वाचा तरी ठेव की गं तोंडात," ती म्हणाली.

आबांनी तिला हातानं थांबवलं. "ऱ्हाऊ दे. ती शिकल्याली हाय. तिला कळतंय."

आजही कुणी मला शिकलेली म्हटलं की मला ती वाटी आठवते. खीर मी मोरीत ओतली होती.

पुढच्या खेपेला दवाखान्यात वजन केलं आणि डॉक्टरांनी केमो पुढं ढकलली. एवढ्या अशक्त माणसाला औषध झेपणार नाही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "खायला काय देता?" मी मोठ्या अभिमानानं सगळी यादी सांगितली. आबांना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गाठ साखर जास्त ओढते, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही साखर बंद केली म्हणून ती उपाशी मरत नाही. शरीर डाळीतून साखर करतं, भाकरीतून करतं. काहीच मिळालं नाही तर स्वतःचं मांस मोडून करतं. आयुष्यभर अती गोड खाऊन वजन वाढलं तर काही कॅन्सरचा धोका वाढतो, पण ती गोष्ट वेगळी. तुमचे वडील तर काटकुळे आहेत. त्यांना खीर द्या, शिरा द्या, जे उतरेल ते द्या. तुम्ही गाठीला नाही, माणसाला उपाशी ठेवलंत."

यातलं एक वाक्यसुद्धा मला नवीन नव्हतं. पिठूळ पदार्थांची शरीरात साखर होते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुलांना प्रश्नही काढते. आपल्याच बापाच्या वेळी मला त्याचं उत्तर आलं नाही.

त्या दिवशी मी येताना साखर घेऊन आले, आईनं खीर केली. वाटी घेऊन मी आबांसमोर बसले आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. माझं चुकलं, असंही म्हणाले. आबांनी दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, भूकच मेली असेल.

खरं काय ते पंधरा दिवसांनी कळलं. उसाचं गळीत सुरू झालं होतं. गुऱ्हाळाचे मालक गाडी घेऊन दारात आले. हंगामाची पहिली काहील आबांनीच बघायची, अशी त्यांच्याकडची बरीच वर्षांची रीत होती. तो गूळ आधी देवाला ठेवून मग गावात वाटायचे.

"खुर्चीवर बसा निस्तं," मालक म्हणाले. "गोळी आमी हातात आणून देतो. तुमी फकस्त आली म्हना."

"नगं," आबा म्हणाले. "लय लोकांस्नी खायाला घातला. आता ह्या हातानं आनि कुनाला इख नगं."

मालकांना काही कळेना, ते माझ्याकडं बघायला लागले. मला मात्र ते विष कुठलं, ते लगेच कळलं. सांगलीच्या वाटेवर गाडीत मी जे बोलले होते, ते आबा इतके महिने एकटेच सोसत होते. ज्यांना ज्यांना आपल्या हातचा गूळ दिला, त्या सगळ्यांचा हिशोब ते मनात करत असणार. बाळंतिणींना दिलेला, लहान लेकरांच्या मुठीत ठेवलेला.

मालक गेल्यावर मी आबांच्या पायाशी बसले. पुस्तक आणून दाखवलं, डॉक्टरांना फोन लावून दिला. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता माझं समाधान कराया सांगतीस, व्हय ना? ऱ्हाऊ दे बाय." आधी माझ्यावर विश्वास ठेवला, तेव्हा मी चुकीचं सांगत होते. खरं सांगायला लागले, तर त्यांना ती माया वाटली.

केमो पुन्हा सुरू झालीच नाही. नीट खाल्लं असतं तर ते वाचले असते, असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. मला ते ऐकायची भीती वाटत होती, अजून वाटते.

शेवटच्या आठवड्यात आबांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्या हातचा गूळ सगळ्यात जास्त तू खाल्लायस," ते म्हणाले. "काहिलीजवळच वाढलीस. एकदा तपासून घे."

मी हो-नाही करत दोन दिवस काढले. ते दर थोड्या वेळानं आईला विचारायचे, गेली का ती? शेवटी मी रक्त तपासून घेतलं आणि रिपोर्ट आणून त्यांच्यासमोर धरला. सगळं चांगलं आहे आबा, म्हणाले. त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला, जणू अक्षरं खरी आहेत का ते बघत होते. आणि आजारी पडल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"म्हंजे तुला न्हाई बाधला," ते म्हणाले.