बाळ आधी आईला

आज दिल्लीत, मुनिरकातल्या आमच्या जिन्यात कुणाची तरी फिनाइलची बाटली फुटली, आणि तो वास नाकात शिरताच मी फरीदाबादच्या लेबर रूममध्ये जाऊन पोचले. तेव्हा मी नर्सिंगची विद्यार्थिनी होते. आत सुनीता नावाची पहिलटकरीण कळा देत होती. बाहेर मात्र ती मेल्याची अफवा पसरली होती.

तिच्या सासरच्या पुरुषांनी बाकं उलटवली, फिनाइलच्या बाटल्या भिंतीवर फोडल्या. मग दाराची काच फुटली आणि एक तुकडा आमच्या नागपूरच्या मेश्राम सिस्टरच्या कपाळात घुसला. "बाळाच्या डोक्यावरचा हात काढू नकोस गं!" दाराला पाठ लावून त्या ओरडल्या. प्रत्येक लाथेसरशी दाराबरोबर त्याही हादरत होत्या. बाहेर येणाऱ्या डोक्यावर मी हात तसाच धरून ठेवला.

बाळ रडलं आणि लाथा एकदम थांबल्या. फुटक्या काचेतून आवाज आला, "लड़का है?"

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता स्वतः बाळंतपणं करताना त्या लाथांपेक्षा तो प्रश्नच जास्त आठवतो.

सिस्टरनी बाळ उचलून सुनीतासमोर धरलं. बाळ आधी आईला दाखवायचं आणि काय झालं ते तिच्याच तोंडून ऐकायचं, हा लेबर रूमचा नियम. डोळ्यांवर आलेलं रक्त पुसून त्यांनी विचारलं, "बोलो सुनीता, क्या हुआ है?"

सुनीतानं बाळाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"बेटी," ती कुजबुजली. "दीदी, अभी मत बताना. थोड़ी देर मुझे देख लेने दो."