शेवटच्या बाकावरची तिसरी बाई

आई म्हणाली, "नाशिकला जाऊ." मला वाटलं पंचवटी, काळाराम, झालंच तर द्राक्षं. "छे गं! मला माझा पाठ पुरा करायचाय." तिचं अध्यापक विद्यालय आता विद्यापीठ झालंय आणि जुनी इमारत पाडणार, हे तिला मैत्रिणीकडून कळलं होतं.

खेड्यापाड्यांतल्या शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून मिशनने ते काढलेलं. शेवटच्या परीक्षेत मुलांच्या वर्गावर पाठ घ्यायचा आणि मागच्या बाकावर बसून परीक्षक वहीत शेरे लिहिणार. परीक्षक होत्या दोघी. आईला दिसल्या तिघी! अर्ध्या पाठात तिची बोबडी वळली. वर्गाबाहेर पडली ती पुन्हा कधी फळ्यापुढे उभी राहिली नाही. आमच्या घरात 'तिसरी बाई' हा कायमचा विनोद. वडिलांनी केला, मावश्यांनी केला आणि सगळ्यांत जास्त मी केला.

पुण्याहून एसटीने पाच-सहा तास धरा. चाकणला किती अडकाल ते देवालाच ठाऊक. नाशिक रोडला उतरलात तर रिक्षाचं भाडं आधी ठरवा, मीटर शोभेचा असतो. गंगापूर रोडला काळ्या रश्श्याची मिसळ खाल्ली, शंभर-सव्वाशेत पोट टम्म. आईने नुसता पाव कुस्करला.

विद्यापीठ म्हणजे काचाच काचा. मागे कौलारू दगडी इमारत. आई हळूहळू जिना चढत होती, तेवढ्यात म्हातारे वॉचमन काका माझ्याशी गप्पा मारायला लागले. "आधी डीएड होतं, मग बीएड आलं, मग कायकाय आलं. आता इथं मॅनेजमेंटची पोरं बसतात. पण मागचा बाक सोडून बसतात, मॅडम."

"का हो?"

"काय म्हाईत! कुणी सांगितलं बी नाय त्यांना."

वर आईच्या परीक्षेच्या वर्गात मी मुद्दाम त्याच मागच्या बाकावर जाऊन बसले. असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही. भर दुपार, खिडक्या सताड उघड्या, तरी बाहेरचा एक आवाज आत येत नव्हता. कबुतरंसुद्धा गप्प.

आईने पदर खोचला, खडू घेतला. "मुलांनो, गोदावरी कुठे उगम पावते?" रिकाम्या बाकांकडे बघत ती उत्तराची वाट पाहायची आणि "शाब्बास" म्हणायची. नदी नाशिकला पोचली. पाठात याच जागी आई तेव्हा थांबली होती.

आणि बाकाची फळी दबली. माझ्या डाव्या बाजूला, सावकाश, कुणी जड बाई टेकावी तशी. एसटीत सरकतो तशी मी उजवीकडे सरकले. शेजारी बघायची छाती झाली नाही. आईचा खडू क्षणभर थांबला. मग तिने नदी पुढे नेली, पैठण, नांदेड करत थेट समुद्रात सोडली, फळा पुसला आणि म्हणाली, "चल."

आम्ही परतीची एसटी धरली. खरं सांगते, मी घाबरले होते.

घरी दुसऱ्या दिवशी चहा घेताना तिने विचारलं, "तू मधेच का सरकलीस गं?"

डोळ्यांवर ऊन आलं, असं सांगता आलं असतं. तसं सांगितलं असतं तर सगळं पूर्वीसारखंच राहिलं असतं.

"शेजारी कुणीतरी बसलं, आई."

तिने कप खाली ठेवला. "म्हणजे मला वेड लागलं नव्हतं," म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली. मला तिच्याकडे बघवेना.